शाळेचा मोबाईल आणि घरातली संध्याकाळ

शाळेत एक काम असं आहे की ज्याला आपल्याकडे अजून धड नाव मिळालेलं नाही. शहरातल्या भरपूर फीच्या शाळांत त्यासाठी वेगळी केबिन असते, दारावर ‘कम्युनिकेशन’ किंवा ‘पीआरओ’ अशी पाटी असते आणि आत बसणाऱ्या व्यक्तीला त्याच कामाचा पगार मिळतो. आपली मुलं ज्या शाळांत जातात, तिथे बहुतेक ठिकाणी अशी पाटी नसते. काम मात्र असतंच. पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकायची, सुट्टी कळवायची, बसला उशीर झाला की सांगायचं, स्नेहसंमेलनाची बातमी गावातल्या पेपरकडे पोचवायची, बक्षीस समारंभाचे फोटो फेसबुकवर चढवायचे, प्रवेशाच्या दिवसांत पत्रक लिहायचं, शिक्षण खात्याचं पत्र आलं की त्याचा अर्थ पालकांना सोप्या भाषेत समजावून द्यायचा. हे सगळं करणारी कुणीतरी एक असते. कधी ती वर्गशिक्षिका, कधी ऑफिसातली क्लार्क, कधी संगणकाची टीचर. तिला विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ तर ती म्हणते, ‘शाळेत आहे.’ एवढंच.

आम्ही काही वर्षं हे काम केलं आहे. या लेखासाठी मुंबई, भिवंडी, महाड आणि चिपळूण इथे हेच काम करणाऱ्या काही भगिनींशी बोललोही. नाव छापू नका, असं सगळ्यांनीच सांगितलं. कारण वेगळं सांगायला नको. आणि सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट आली. काम जड नाही, पण ते कधी संपत नाही.

पूर्वी हे काम शाळेच्या चार भिंतींत मावायचं. सूचना वही घेऊन शिपाई वर्गावर्गात फिरायचा, टीचर वाचून दाखवायच्या, मुलं डायरीत उतरवून घ्यायची आणि घरी अम्मीची किंवा अब्बांची सही आणायची. सही राहिली तर दुसऱ्या दिवशी बाकावर उभं राहणं आलंच. शाळेला कुलूप लागलं की सूचनांनाही कुलूप लागायचं. त्यात सगळं चांगलंच होतं असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतल्या कित्येक शाळांत मुलं आणि शिक्षक रात्रभर अडकले होते. फोन लागत नव्हते आणि घरी आईबापांच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. ती रात्र आठवणारी कुणीही टीचर ‘पालकांना लगेच कळलं पाहिजे’ या म्हणण्याला हरकत घेणार नाही. आमचीही नाही.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गच मोबाईलमध्ये आला. शहरांत आठवीपासून आणि खेड्यांत पाचवीपासूनच्या वर्गांची दारं ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. तोवर टीचरचा खाजगी नंबर हाच शाळेचा नंबर होऊन गेला होता. शाळा उघडल्या, पण पालकांच्या फोनमधून तो नंबर कुणी पुसला नाही. शाळा दुपारी सुटते, नंबर सुटत नाही. आज जी ओढाताण दिसते तिची सुरुवात तिथे आहे.

‘तुमचं मराठी चांगलं आहे’

आपल्या उर्दू शाळांत या कामाला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शिक्षण खात्याची पत्रं मराठीत येतात. मुलांचं शिक्षण उर्दूत चालतं. पालकांच्या ग्रुपात उर्दू वाचणारी एखादी अम्मी असते, मराठी शाळेत शिकलेले अब्बा असतात, आणि जिला दोन्ही लिपी येत नाहीत, जी फक्त आवाजी संदेश ऐकते अशी एखादी दादीही असते, कारण नातवाला शाळेत सोडायला तीच येते. म्हणजे सूचना एक, पण ती तीन वेळा तयार करायची. उर्दूत लिहायची, मराठीत लिहायची आणि शेवटी बोलून पाठवायची. स्टाफरूममध्ये ‘टीचर, तुमचं मराठी चांगलं आहे’ हे वाक्य कानावर आलं की समजावं, आणखी एक फाईल आपल्या टेबलाकडे निघाली आहे.

ही पत्रं येण्याची वाटही ठरलेली आहे. वरच्या कार्यालयातून केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर, तिथून मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर, तिथून आपल्याकडे. या वाटेत दिवस निघून जातो आणि पत्र हातात पडतं तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. वर लिहिलेलं असतं ‘अत्यंत तातडीचे’ आणि खाली ‘आजच माहिती सादर करावी’. २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ या बारा अंकी ओळख क्रमांकासाठी पालकांची संमतीपत्रं गोळा करायची वेळ आली, तेव्हा ज्यांनी हे काम केलं त्यांना विचारा. फॉर्म वाटायचा, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय का ते पाहायचं, ‘शेख’ कुठे आधी आहे आणि कुठे नंतर, ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण आहे आणि कुठे ‘मो.’ आहे, हे एकेका पालकाला समजावायचं. आपल्या नावांची ही कथा स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून इथेच थांबतो. पण ती निस्तरण्याचं काम शाळा सुटल्यावर, घरून, फोनवर झालं आहे, एवढं नोंदवून ठेवायला हवं.

महाडच्या एका भगिनीनं सांगितलं की, तिची सहा वर्षांची मुलगी खेळताना बाहुली कानाला लावते आणि म्हणते, ‘हां जी, बोलिए, फॉर्म जमा किया?’ सांगताना ती हसत होती. आम्हीही हसलो. मग थोडा वेळ दोन्हीकडून कुणी काही बोललं नाही.

रात्री दहा वाजताच का?

पालक वेळी-अवेळी मेसेज करतात ही या कामातली नेहमीची तक्रार. ‘मिस, उद्या कुठला युनिफॉर्म?’ हा प्रश्न रात्री साडेदहाला येतो. चीड येते, ते साहजिक आहे. पण तो त्याच वेळी का येतो हे पाहिलं की अर्धी चीड उतरते आणि उपायही सापडतो.

आपल्या कित्येक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो अब्बांच्या खिशात असतो. ते रिक्षा चालवत असतील, पॉवरलूमवर असतील, हातगाडी लावत असतील. फोन घरी येतो तोच रात्री. मग अम्मी ग्रुप उघडते, दिवसभराच्या सूचना वाचते आणि तिला प्रश्न पडतो. तिची सकाळची सूचना रात्री दहालाच येत असते. कोकणातल्या घरांत आणखी एक कारण आहे. वडील आखाती देशांत असतात आणि तिथल्या नंबरवरून वर्गाच्या ग्रुपात असतात. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतारचं अडीच तास मागे. जेद्दात रात्री आठला कामावरून सुटलेला बाप मुलाच्या मार्कांची चौकशी करतो, तेव्हा चिपळूणला साडेदहा वाजलेले असतात. सौदीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणजे आपला रविवार हा त्यांचा कामाचा दिवस, आणि कामाच्या दिवशी लेकराच्या शाळेची आठवण सुटत नाही. अमिरातीनं मात्र जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी सुरू केली आहे. तेव्हा हा उद्धटपणा नव्हे. घरापासून दूर असलेल्या माणसाला मुलाच्या आयुष्यात शिरायला तेवढीच एक खिडकी आहे.

हे समजून घेणं वेगळं आणि त्याच क्षणी उत्तर देणं वेगळं. चिपळूणच्याच एका टीचरनं यावर साधी तोड काढली. तिनं उद्याची सगळी माहिती, म्हणजे युनिफॉर्म, डबा, वह्या, वेळ, रोज दुपारी साडेतीनला एकाच संदेशात टाकायला सुरुवात केली, तीही तारीख वर लिहून. रात्री दहाला फोन उघडणाऱ्या अम्मीला प्रश्न पडायच्या आत उत्तर वर दिसतं. मुलांच्या मार्कांसाठी परदेशातल्या वडिलांना तिनं महिन्यातला एक रविवार दिला, दुपारी तीन ते चार. तिथले साडेबारा. कामावर असले तरी जेवणाच्या सुट्टीत ते फोन लावतात. तिच्या अंदाजानं रात्रीचे मेसेज निम्म्याहून कमी झाले. आम्हाला यात विशेष वाटलं ते हे की, तिनं पालकांना नियम शिकवला नाही. आधी त्यांचं घड्याळ पाहिलं, मग आपलं ठरवलं.

थांबू शकत नाही असं काय असतं?

या कामाबद्दल सल्ला देणारे फार लवकर सांगून मोकळे होतात की, संध्याकाळी फोन बंद करा. ते तितकं सोपं नाही. शाळेकडून जाणारी काही बातमी खरोखरच सकाळपर्यंत थांबू शकत नाही.

१ जुलै २०१८ ची धुळे जिल्ह्यातली राईनपाड्याची घटना आठवा. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती आणि त्या अफवेपायी जमावानं पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून फिरणाऱ्या भटक्या समाजातली गरीब माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ‘मुलं पळवली’ हा शब्द पालकांच्या ग्रुपात पडला की तो आगीसारखा पसरतो, आणि शाळेचं नाव त्यात असेल तर विचारूच नका. अशा वेळी शाळेनं दहा मिनिटांत ‘आमची सर्व मुले सुरक्षित घरी पोहोचली आहेत, ही बातमी खोटी आहे, पुढे पाठवू नका’ असं सांगणं ही चैन नव्हे. त्यात कुणाचा तरी जीव वाचू शकतो.

पावसाची सुट्टीही तशीच. ८ जुलै २०२४ ला पहाटे एक ते सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महापालिकेनं सकाळच्या सत्राच्या शाळांना सुट्टी जाहीर केली आणि दुपारच्या सत्राचं परिस्थिती पाहून सांगू असं कळवलं. सकाळची मुलं सातला शाळेत पोचतात, म्हणजे साडेपाच-पावणेसहाला घरातून तयार होऊन निघतात. फजरची नमाज झाली की आधी फोन हातात घ्यायचा, अधिकृत पत्र आलंय का पाहायचं, खोटं पत्र तर नाही ना याची खात्री करायची (जुन्या वर्षाची पत्रं तारीख खोडून दर पावसाळ्यात फिरतात), मुख्याध्यापकांना फोन लावायचा आणि मग संदेश टाकायचा. पावसाळ्यातल्या अशा आठ-दहा पहाटा या कामात जाणारच. त्यांना नकार देता येत नाही आणि देऊही नये.

म्हणून आमचं मत असं की, फोन चालू की बंद हा प्रश्नच चुकीचा आहे. खरी गरज आहे ती तातडी कशाला म्हणायचं हे आधी ठरवण्याची. मुलाचा जीव, मुलाची वाट आणि उद्या सकाळची शाळा, या तीन गोष्टी तातडीच्या. मूल घरी पोचलं नाही, बस बंद पडली, अफवा उठली, पहाटे सुट्टी लागली. बाकी सगळं, अगदी मुख्याध्यापकांनी सांगितलेलंही, दुसऱ्या दिवशी साडेआठला चालतं. फोटो थांबतात. बातमी थांबते. ‘अत्यंत तातडीचे’ पत्रसुद्धा बहुतेक वेळा थांबतं. दोन दिवसांनी त्याला मुदतवाढ मिळते हे आपण सगळेच जाणतो.

तातडीच्या गोष्टीसाठी मेसेज नको, फोनच करावा, हा नियम भिवंडीच्या एका शाळेनं केला आहे. त्याचा फायदा असा की रात्री मेसेजचा आवाज बंद ठेवता येतो आणि घंटी मात्र चालू राहते. घंटी वाजली म्हणजे काहीतरी खरंच आहे. आणि गंमत म्हणजे, फोन करायला माणूस दहादा विचार करतो. युनिफॉर्मसाठी रात्री साडेदहाला कुणी फोन करत नाही.

या साऱ्याला एका गोष्टीची जोड हवी, ती म्हणजे शाळेचा वेगळा नंबर. स्वतःच्या नंबरवर शाळा चालवणं हे सगळ्या दुखण्याचं मूळ आहे असं आम्ही ठामपणे म्हणू. व्हॉट्सअ‍ॅपचं जे बिझनेस अ‍ॅप आहे ते फुकट आहे. त्यात कामाची वेळ दाखवता येते, त्या वेळेबाहेर कुणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातं, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आधी लिहून ठेवता येतात. ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिननंच लिहावं अशी सोय २०१८ पासून आहे, तीही बऱ्याच शाळा वापरत नाहीत. हँडसेट आणि सिम शाळेनं द्यावं, रिचार्ज शाळेनं करावा, आणि शक्य तिथे तो फोन शाळेतल्या दोघींनी आठवडा-आठवडा वाटून घ्यावा. ज्या आठवड्यात फोन दुसरीकडे आहे त्या आठवड्यात घरातलं जेवणसुद्धा वेगळं लागतं, असं एकीनं आम्हाला सांगितलं.

जूनमध्ये केलेलं मार्चमध्ये कामी येतं

या कामाचा अर्धा ताण अचानक येतो असं वाटतं, पण नीट पाहिलं तर वर्षातल्या बहुतेक ‘अचानक’ गोष्टी दरवर्षी येतात. पाऊस दरवर्षी येतो. परीक्षेचं वेळापत्रक एकदा तरी बदलतं. ईदचा चाँद आदल्या संध्याकाळीच दिसतो किंवा दिसत नाही. ईद-ए-मिलादच्या सुट्टीचंच पाहा. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. दोन्हींच्या मिरवणुका एकत्र नकोत म्हणून जुलूस पुढे ढकलला गेला आणि राज्य सरकारनं २९ ची सुट्टी दिली. २०२४ मध्ये मुंबईत ही सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ वर गेली, २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरवरून ८ वर. तीन वर्षं लागोपाठ बदललेली तारीख चौथ्या वर्षी बदलली तर तिला अचानक कसं म्हणायचं?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते. त्याआधीच्या आठवड्यात, मुलं नसताना, बसून दहा-बारा संदेश तिन्ही रूपांत तयार करून ठेवावेत. पावसाची सुट्टी, सुट्टीची तारीख बदलली, बसला उशीर, परीक्षा पुढे गेली, डोळे आल्याची साथ, अफवेचं खंडन. तारखेची जागा मोकळी सोडायची. पहाटे पाच वाजता अर्धवट झोपेत मराठी शुद्धलेखन आठवण्यापेक्षा हे बरं. मुंबईच्या एका शाळेत तर मुख्याध्यापिकेनं या मसुद्यांवर आधीच सही करून ठेवली आहे, त्यामुळे ‘बाईंना विचारलं का?’ हा पहाटेचा फोनही वाचला.

रमजानचं नियोजनही जूनमध्येच व्हायला हवं. २०२५ मध्ये २ मार्चला रमजान सुरू झाला आणि दहावीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती. सहेरीला उठलेली, रोजा धरलेली बाई दिवसभर हॉलतिकीट, परीक्षा केंद्राचा पत्ता, ‘रोजा धरून पेपर झेपेल का’ अशा फोनांना उत्तरं देत होती आणि इफ्तारच्या दस्तरखानावर बसताना फोन उलटा ठेवत होती. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यानं पुढची काही वर्षं रमजान फेब्रुवारीत आणि मग जानेवारीत सरकेल, म्हणजे स्नेहसंमेलन, क्रीडा दिन आणि प्रवेशाच्या धावपळीत. आपल्या संस्थांच्या शाळांनी तरी त्या महिन्यात असर ते इशा या वेळेत शाळेचा फोन बंद राहील असं छापून द्यावं. हे मागायला कुणाला संकोच वाटू नये. सरकारी आणि इतर संस्थांच्या शाळांत काम करणाऱ्या भगिनींना ते अवघड जातं हे खरं, पण तिथे सहकाऱ्यांशी अदलाबदल होऊ शकते. दिवाळीच्या आठवड्यात फोन मी सांभाळते, रमजानच्या संध्याकाळी तू सांभाळ. असा करार आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे आणि तो चार वर्षं टिकला आहे.

फोटोंचं वेगळं सांगायला हवं. कार्यक्रम झाला की दोनशे फोटो हिच्या फोनमध्ये, आणि रात्री कुणाचे तरी अब्बा फोन करतात, ‘आमच्या मुलीचा फोटो फेसबुकवर का टाकला? आत्ता काढा.’ त्यांचं म्हणणं वाजवी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, हे तत्त्व आलंच आहे. प्रवेशाच्या फॉर्मवरच एक ओळ छापावी: फोटो प्रसिद्ध करण्यास हो की नाही. ज्यांचं ‘नाही’ त्या मुलांची यादी कार्यक्रमाआधी फोटो काढणाऱ्याच्या हातात द्यावी. एक ओळ छापली की वर्षभरातले वीस रात्रीचे फोन वाचतात, आणि कुणाच्या घरात मुलीला पुढच्या वर्षी नाटकात भाग घेऊ द्यायचा की नाही यावरून भांडणही होत नाही.

पगारात नसलेलं काम

खाजगी अनुदानित शाळांच्या मंजूर पदांत लिपिक असतात, ग्रंथपाल असतात, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई असतात. पालकांशी संपर्क ठेवण्याचं वेगळं पद त्यात नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे कामाचे तास तयारीसकट किमान ४५ धरले आहेत. पालकांच्या ग्रुपवर जाणारे तास या ४५ मध्ये कुणीच मोजत नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये असं म्हटलं आहे, पण मोबाईलवरचं काम ‘काम’ दिसतच नाही, तर त्याला कलम कुठून लागणार?

बाहेरच्या देशांत याची दखल घेतली गेली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून मोकळं राहण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक झालं. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून असा कायदा लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ चं अशाच आशयाचं खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खाजगी विधेयक मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, हे लक्षात घेता कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. संस्थेच्या सचिवांकडे दोन पानी पत्र देऊन जे मिळेल ते आज मागावं. कामाचं स्वरूप लेखी द्या, पहाटेच्या आणि सुट्टीच्या कामाबद्दल बदली रजा द्या, फोन द्या. आम्ही पाहिलेल्या एका संस्थेनं मानधन वाढवायला नकार दिला, पण बदली रजा आणि फोन दिला. ज्यांना मिळालं त्यांना ते थोडं वाटलं नाही.

घराकडे येताना आकडाच पुरे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे शाळेतून आलेल्या बाईची दुसरी पाळी जवळजवळ पाच तासांची. त्यात शाळेचा मोबाईल ही तिसरी पाळी. मग घरी ऐकायला मिळतं, ‘दिवसभर फोनवरच असते.’ सासूबाईंना तो फोन आणि मैत्रिणींच्या गप्पांचा फोन सारखाच दिसतो, त्यात त्यांचा दोष नाही. एका भगिनीनं शाळेचं काम घरी करायचंच झालं तर ते टेबलावर, चष्मा लावून, वही उघडून करायला सुरुवात केली. पलंगावर पडून नाही. घरच्यांना काम दिसलं. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं न सांगता कणीक मळून ठेवली, ती जरा सैल झाली होती, पण तिनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मगरिबची अजान झाली की फोन कपाटात, इशानंतर एकदा पाहायचा, अशी शिस्त काहींनी लावून घेतली आहे. छान आहे, पण मुंबईत हिवाळ्यात मगरिब सहाच्या सुमारास होते आणि जूनमध्ये सव्वासातच्या पुढे जाते. पालकांना ती सरकती वेळ कळत नाही. घरासाठी नमाजची वेळ धरावी, पालकांना मात्र घड्याळातली एकच वेळ सांगावी. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, फोन बंद, एवढं सुटसुटीत.

आणि आता थोडं आपल्याबद्दल, कारण हा अंक वाचणाऱ्यांत पालक जास्त आहेत. विचारण्याआधी ग्रुप वर सरकवून पाहा, उत्तर बहुधा तिथेच असतं. मूल आजारी असेल तर सकाळी आठच्या आत एका ओळीत कळवा, तापाचा आकडा आणि औषधाचं नाव नको. ‘जुम्मा मुबारक’ ही दुआ आहे, पण साठ पालकांच्या ग्रुपात ती साठ वेळा, गुलाबाच्या फुलांसकट आली की त्याखाली परीक्षेचं वेळापत्रक गाडलं जातं. पालक-शिक्षक संघाची पहिली सभा पावसाळ्यातच होते. त्या सभेत फी आणि गणवेशाचा विषय झाल्यावर हात वर करून एवढं विचारा की शाळेचा फोन किती वाजता बंद होतो, आणि त्यानंतर खरंच तातडीचं असेल तर कुणाला घंटी द्यायची. जे उत्तर मिळेल ते पुढच्या वर्षीच्या डायरीच्या पहिल्या पानावर छापून मागा.